टॉवर बंद पडला की आठवतो कडुलिंबावरचा तो वायर : जुन्या व्हीएचएफ रेडिओची गोष्ट

औसा | आमच्या प्रतिनिधीकडून

मागच्या उन्हाळ्यात वळवाच्या वादळानं आमच्या भागातली लाईट गेली आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मोबाईलच्या टॉवरची बॅटरीही उतरली. मग काय, अख्खं गाव गच्चीवर. कुणी पाण्याच्या टाकीवर चढलंय, कुणी मोटारसायकल घेऊन माळावर गेलंय, एक दांडी दिसते का म्हणून. शेजारच्या पोरानं मला विचारलं, "काका, मोबाईल नव्हते तेव्हा असं काही झालं तर लोक काय करायचे?"

त्याला तिथं उभ्या उभ्या जे सांगितलं तेच जरा सविस्तर लिहितोय. आमच्या तालुक्यात असं एकदा झालंय, आणि ते टॉवर बंद पडण्याएवढं साधं नव्हतं.

३० सप्टेंबर १९९३. पहाटे चार वाजायला चार-पाच मिनिटं कमी. गणपती बुडवून लोक नुकते झोपले होते. किल्लारी, सास्तूर आणि आजूबाजूची गावं दगडमातीच्या ढिगात गेली, सुमारे दहा हजार माणसं गेली. हे तुम्हाला सांगायची गरज नाही, घराघरात कुणी ना कुणी आहे. मी तेव्हा बारा वर्षांचा. आमचं घर निम्मं पडलं. आजी माळवदाखाली सापडली. आई, बापू, मी आणि दोन बहिणी वाचलो. आजीचा धाकटा मुलगा, म्हणजे माझे चुलते अण्णा, पुण्यात कंपनीत कामाला. त्यांना कळवायचं कसं? गावात एकच फोन, त्याचे खांब आडवे झालेले. तार करायची तर पोस्टच राहिलं नव्हतं. वरून पाऊस लागून राहिलेला.

चौथ्या की पाचव्या दिवशी मदतीच्या तंबूपाशी एक माणूस आला. अंगात रेनकोट, गळ्यात पट्ट्यानं अडकवलेला विटेएवढा एक काळा डबा. मी त्याला पोलीसच समजलो. त्यानं पिशवीतून एक चपटा वायर काढला, टोकाला दोरी आणि दगड बांधला आणि कडुलिंबाच्या फांदीवरून फेकला. पूर्वी टीव्हीच्या अँटेनापासून खाली घरात यायचा ना, तपकिरी पट्टीसारखा वायर, तोच. आम्ही पोरं भोवती. वाटलं, टीव्ही लावणार.

त्यानं बापूंना विचारलं, "कुणाला निरोप द्यायचाय का? पुणे-मुंबई, कुठंही. पैसे नाहीत, पण थोडक्यात सांगा."

बापू म्हणाले, "भावाला कळवा साहेब. आई गेली म्हणून."

त्यानं वहीत लिहिलं, मग थांबून म्हणाला, "दादा, आधी सुखरूप कोण आहे ते सांगू का? मधेच आवाज तुटला तर पहिला भाग तरी पोचतो." बापू बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "तसं लिहा."

मला आठवतं ते त्याचं अक्षरं सांगणं. औसा इंग्रजीत लिहितात ती चार अक्षरं तो डब्यात बोलत होता, "अल्फा, युनिफॉर्म, सिएरा, अल्फा." आम्हा पोरांना हसू आलं. रडारड चाललेल्या तंबूत आम्ही हसलो, त्याबद्दल आईनं पाठीत धपाटा घातला. नंतर कळलं की खरखरीत 'बी' आणि 'डी', 'एम' आणि 'एन' कानाला सारखेच लागतात, म्हणून जगभर असं प्रत्येक अक्षराला एक शब्द जोडून सांगतात.

हा माणूस पोलीस नव्हता, सरकारी नोकरही नव्हता. तो हॅम होता. हॅम म्हणजे परीक्षा देऊन, सरकारचं लायसन घेऊन, हौसेखातर स्वतःचं वायरलेस केंद्र चालवणारा माणूस. भूकंपानंतर बाहेरगावाहून ही मंडळी आपापले सेट घेऊन इकडं आली होती.

छोटा डबा पुण्यापर्यंत कसा पोचला?

पोचला नाही. तो डबा फक्त तालुक्याच्या गावापर्यंत पोचत होता.

रेडिओ लहरींचे प्रकार आहेत. ३० ते ३०० मेगाहर्ट्झच्या मधल्या लहरींना व्हीएचएफ म्हणतात. आपला एफएम रेडिओ ८८ ते १०८ मेगाहर्ट्झवर लागतो, तो व्हीएचएफच. गच्चीवर ॲल्युमिनियमच्या नळ्यांचा अँटेना लावून दूरदर्शन बघायचो तेही बहुतेक ठिकाणी व्हीएचएफ. यातला १४४ ते १४६ मेगाहर्ट्झचा पट्टा भारतात हॅम लोकांसाठी राखून ठेवलाय. इथं एका लहरीची लांबी साधारण दोन मीटर भरते, म्हणून त्याला 'दोन मीटर बँड' म्हणतात.

ही लहर सरळ जाते. जमिनीची गोलाई आडवी आली, डोंगर आला, की थांबते. किती लांब जाईल त्याचा एक ढोबळ हिशेब आहे. अँटेना जमिनीपासून किती मीटर उंच आहे त्याचं वर्गमूळ काढा आणि चारानं गुणा, थोडं वर धरा. उत्तर किलोमीटरमध्ये. छातीशी धरलेला डबा दीड मीटरवर, म्हणजे पाच किलोमीटर. तोच अँटेना कडुलिंबावर नऊ मीटर चढवला की नवाचं वर्गमूळ तीन, बारा किलोमीटर. समोरच्याचा अँटेना इमारतीवर सोळा मीटरवर असेल तर त्याचे सोळा. दोन्हीची बेरीज अठ्ठावीस. मध्ये टेकाड नसेल तर एवढ्या अंतरात बोलणं होऊ शकतं. वायर झाडावर फेकण्याचं कारण हे. दगड बांधून फेकलेल्या त्या वायरनं पाचाचे बारा केले.

पुढचा टप्पा वेगळा. तालुक्याच्या गावात त्यांचा मोठा सेट होता, ७ मेगाहर्ट्झवर चालणारा. एवढ्या कमी मेगाहर्ट्झच्या लहरी आकाशात वर जातात, तिथल्या विजेरी थरावर आपटून दोन-चारशे किलोमीटरवर खाली येतात. लातूर-पुणे त्यात सहज बसतं. पण त्याला वायर लागतो वीस मीटर लांब, सेटही जड, तो घेऊन चिखलातून गावोगाव फिरता येत नाही. म्हणून गावापासून तालुक्यापर्यंत लहान डबा आणि तालुक्यापासून पुण्यापर्यंत मोठा. पुण्यात एका हॅमनं आमचा निरोप घेतला. अण्णांच्या चाळीत फोन नव्हता. तो माणूस स्कूटरवर चिठ्ठी घेऊन गेला.

त्या माणसाला मी पुढं भेटलो. बारावीनंतर पुण्यात काम बघायला गेलो होतो तेव्हा अण्णा मला त्यांच्याकडं घेऊन गेले. आम्ही त्यांना रेडिओवाले काका म्हणायचो. कारखान्यातून निवृत्त झालेले, बोलणं मोजकं, पण सेटचा विषय निघाला की चहा गार व्हायचा. खाली जे लिहितोय त्यातलं बरंचसं त्यांच्या माळ्यावर बसून ऐकलेलं आणि हातात घेऊन बघितलेलं आहे.

लढाईतल्या विमानाचा रेडिओ

सुरुवातीला दोन मीटरचा सेट दुकानात मिळायचाच नाही. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या विमानांत एससीआर-५२२ नावाचा सेट असायचा. १०० ते १५६ मेगाहर्ट्झ, चार चॅनेल. युद्ध संपल्यावर असे सेट ढिगानं भंगारात निघाले आणि तिकडच्या हॅमनी ते उचलले. विमानातली वीज २८ व्होल्टची, घरात ती कुठून आणणार? तर सेटबरोबर एक मोटर-जनरेटरसारखं यंत्र यायचं, ते घरघर करत व्होल्टेज वाढवायचं. पुष्कळांनी ते काढून टाकलं आणि घरच्या विजेवर चालेल असा सप्लाय स्वतः बांधला.

मग पन्नासच्या दशकात अमेरिकेत गॉनसेट कम्युनिकेटर नावाचा तयार सेट आला. हँडल असलेली पेटी, गाडीच्या बॅटरीवरही चालणारी. तिथल्या नागरी संरक्षण खात्यानं तो पिवळ्या रंगात घेतला होता, आपत्तीत वापरायला. म्हणजे आपल्याकडं त्या तंबूत जे झालं त्याची तयारी तिकडं चाळीस वर्षं आधी चालू होती. त्यानंतर साठच्या दशकात हीथकिट कंपनीचा टूअर. हा सुट्या भागांचा संच यायचा, घरी बसून स्वतः जोडायचा. दिसायला अगदी जेवणाच्या डब्यासारखा, म्हणून लोक त्याला कंपनीच्या गावाच्या नावावरून 'बेंटन हार्बरचा लंचबॉक्स' म्हणायचे. स्वस्त होता. पण त्याचा रिसीव्हर अशा पद्धतीचा होता की समोर कुणी बोलत नसेल तेव्हा पत्र्यावर पाऊस पडतोय असा सूंऽऽ आवाज सतत यायचा, आणि तो स्वतःच थोडी लहर बाहेर टाकून शेजारच्या हॅमला त्रास द्यायचा. काकांनी हे सेट मासिकात बघितलेले. प्रत्यक्ष हातात आले नाहीत.

आपल्याकडं तेव्हा परदेशी सेट आणायचा तर आयातीचा परवाना आणि वर भरमसाट कर. नोकरदाराला ते शक्य नव्हतं. म्हणून मुंबईचा लॅमिंग्टन रोड, पुण्याचा जुना बाजार, लष्कराच्या भंगाराचे व्यापारी. काकांचा पहिला दोन मीटरचा सेट असा गोळा करून बनवलेला. ॲल्युमिनियमच्या चासीवर व्हॉल्व्ह. शेवटचा मोठा व्हॉल्व्ह ८३२-ए नावाचा, काचेचा, गोलसर, डोक्यावर दोन शिंगं असल्यासारख्या दोन पिना. सेट चालू केला की आधी व्हॉल्व्ह तापू द्यायचा, मग बोलायचं. मी बोट पुढं केलं तर काका ओरडले, "हात मागं! तिथं चारशे व्होल्ट आहेत." आपल्या मोटरीच्या तीन फेजएवढे, त्या एवढ्याशा काचेच्या गोळ्यावर.

दोन मीटरवर आवाज काढणं ही एक गोष्ट, पण तो बरोबर जागेवर आहे हे कळायचं कसं? आज आकडे दिसतात. तेव्हा मोजायचं यंत्र घेण्याची ऐपत नव्हती. काकांनी जे केलं ते ऐकून मी थक्कच झालो. त्यांनी फळीवर तांब्याच्या दोन तारा शेजारी शेजारी ताणून बांधल्या, दोन-अडीच मीटर लांब. एक टोक सेटच्या कॉईलजवळ. मग टॉर्चचा छोटा बल्ब दोन्ही तारांवर टेकवून हळूहळू पुढं सरकवायचा. एका ठिकाणी बल्ब पेटतो. पुढं सरकवला की विझतो. आणखी पुढं गेलं की परत पेटतो. त्या दोन जागांमधलं अंतर म्हणजे लहरीची निम्मी लांबी. शिंप्याच्या टेपनं ते मोजायचं आणि दीडशेला त्यानं भागायचं. अंतर एक मीटर साडेतीन सेंटीमीटर आलं तर १४५ मेगाहर्ट्झ. झालं! याला लेखर तारा म्हणतात, पद्धत शंभर वर्षांहून जुनी.

पण गंमत बघा, १४४ आणि १४६ मधलं अंतर या फळीवर जेमतेम दीड सेंटीमीटर भरतं. तेवढं चुकलं की तुम्ही दुसऱ्याच्या वावरात. खालच्या बाजूला १३७ पर्यंत विमानांचा पट्टा. तिथं शिरलं तर थेट लायसनवर गदा.

म्हणून नुसत्या टेपवर भागायचं नाही, क्रिस्टल लागायचा. क्रिस्टल म्हणजे गारेच्या दगडाची, क्वार्ट्झची, पातळ चकती. तिला वीज दिली की ती ठरलेल्या वेगानं थरथरते आणि त्यात सहसा बदल होत नाही. पण एवढी जलद थरथरणारी चकती तेव्हा मिळायची नाही. मग ८ मेगाहर्ट्झची घ्यायची आणि एकेका व्हॉल्व्हमधून आधी तिप्पट, मग परत तिप्पट, मग दुप्पट करायची. एकूण अठरापट. ८.०५५ गुणिले अठरा करून बघा, १४४.९९ येतात.

हवा तो आकडा बाजारात मिळायचाच असं नाही. युद्धातले क्रिस्टल स्क्रूनं उघडायच्या डबीत यायचे. डबी उघडायची, चकती काचेवर ठेवायची, पाण्यात कालवलेली पॉलिशची पूड टाकून बोटानं गोल गोल घासायची. जितकी पातळ होईल तितका आकडा वर जातो. सहाणेवर चंदन उगाळतात तसं, पण जरा जास्त उगाळलं की गेलं. मग उपाय काय? मऊ शिसपेन्सिलीनं चकतीवर रेघा मारायच्या. शिशाच्या वजनानं ती किंचित सावकाश थरथरते आणि आकडा खाली येतो. काका म्हणायचे, "माझे निम्मे क्रिस्टल शाळकरी पोराच्या पेन्सिलीवर चाललेत."

आणखी एक भानगड होती. आठाचे एकशे चव्वेचाळीस करताना मधल्या नको त्या लहरीही बाहेर पडायच्या, आणि शेजारच्या टीव्हीवर नेमक्या रविवारच्या पिक्चरच्या वेळी आडव्या रेघा यायच्या. काकांची निम्मी भांडणं त्यावरून. शेवटी काकूंनी ठरवून दिलं, रविवारी संध्याकाळी सेट बंद.

टॅक्सीचे सेट, मग खिशातला सेट

साठ-सत्तरच्या दशकात परदेशात पोलीस आणि टॅक्सीवाल्यांच्या चॅनेलमधलं अंतर सरकारनं कमी केलं. जुने सेट त्यांना निरुपयोगी झाले, हॅमना स्वस्तात मिळाले. इंग्लंडमध्ये पाय कंपनीचे टॅक्सीचे सेट, अमेरिकेत मोटोरोलाचे. यातले बरेच एफएमवर चालायचे, त्यामुळं इंजिनाची खरखर कमी आणि आवाज स्वच्छ. एफएम सगळीकडं झालं ते तिथून.

त्याच्याबरोबर रिपीटर आला. समजा तुम्ही ओढ्यापलीकडच्या माणसाला हाक मारताय आणि मध्ये टेकडी आहे. टेकडीवर एक गडी उभा केला, तुमचं ऐकून त्यानं तेच पलीकडं ओरडून सांगितलं, की काम झालं. रिपीटर म्हणजे तो गडी. एका आकड्यावर ऐकतो आणि सहाशे किलोहर्ट्झच्या फरकानं दुसऱ्या आकड्यावर त्याच क्षणी परत फेकतो. दोनशे मीटरच्या डोंगरावर ठेवला तर मघाच्या हिशेबानं छप्पन-सत्तावन किलोमीटरचा परिसर त्याच्या नजरेत. मोबाईलचा टॉवर याच घराण्यातला, फक्त त्याच्यामागं कंपनीचं मोठं जाळं असतं. जाळं तुटलं की टॉवर मुका. साध्या रिपीटरला गाडीची एक बॅटरी पुरते.

१९८० च्या सुमारास जपानच्या आयकॉम कंपनीनं आयसी-टू मालिकेचे हातात मावणारे सेट काढले. क्रिस्टल उगाळणं संपलं. वरती तीन छोट्या चकत्या, बोटानं फिरवून आकडा लावायचा. ताकद दीड वॉट, म्हणजे आपल्या घरातल्या झिरो बल्बच्या दहावा हिस्सा. पुढं आपल्याकडंही १९८४ च्या आसपास हॅमच्या यंत्रांवरचा आयात कर माफ झाला. राजीव गांधी स्वतः हॅम होते, वीयू टू आरजी हे त्यांचं नाव हवेत, त्याचा हातभार लागला असं जुनी मंडळी सांगतात. मग असे सेट भारतात दिसू लागले. आमच्या तंबूत आलेल्या माणसाच्या गळ्यातल्या डब्यावरही तसल्याच चकत्या होत्या. कोणत्या कंपनीचा होता ते मला सांगता येणार नाही, बारा वर्षांच्या पोरानं काय बघावं. चकत्या मात्र पक्क्या आठवतात, कारण मला त्या फिरवून बघायच्या होत्या.

आता ऑनलाईन मागवताय ते जरा थांबा

हल्ली दोन-तीन हजारात चिनी वॉकी-टॉकी मिळतो म्हणून आमच्या भागातल्या काही पोरांनी मागवलेत, राखणीला, उसाच्या टोळीला. हे सेट बहुतेक १४४ च्या आजूबाजूला सगळीकडं बोलू शकतात, पोलिसांच्या आणि इतर सरकारी चॅनेलवरही. लायसनशिवाय असा सेट वापरणं सोडा, जवळ बाळगणंही गुन्हा आहे. २०२५ मध्ये केंद्राच्या ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं याच कारणावरून ऑनलाईन विक्री करणाऱ्या कंपन्यांना नोटिसा काढल्या होत्या. विकायला ठेवलंय म्हणजे कायदेशीर आहे असं धरू नका. विनापरवाना चालतात ते ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झवरचे कमी ताकदीचे, मान्यता असलेले सेट. शेतातल्या शेतात तेवढे पुरतात.

आणि खरंच आवड असेल तर सरळ रस्ता आहे. केंद्राच्या दूरसंचार विभागाची परीक्षा असते, वयाची बारा वर्षं पूर्ण झालेलं पोरही बसू शकतं. रिस्ट्रिक्टेड दर्जाला मोर्सची कडकट्ट लागत नाही. थोडं इलेक्ट्रॉनिक्स आणि नियम. अर्ज 'सरल संचार' या सरकारी संकेतस्थळावर होतो. पास झालं, लायसन आलं, की वीयू थ्रीनं सुरू होणारं स्वतःचं नाव मिळतं. आमच्या जिल्ह्यात, जिथं जमीन अधूनमधून अजून हलते, तिथं तालुक्याला दहा-बारा असे लोक असावेत असं मला वाटतं. ग्रामपंचायतीनं मनावर घेतलं तर टाकीवर एक अँटेना लावायला फार खर्च नाही. ब्रेझिंगच्या पितळी सळया एकोणपन्नास-पन्नास सेंटीमीटरच्या कापल्या, एक उभी, चार खाली तिरप्या, झाला अँटेना. अर्थात लायसनवाला माणूस आधी, अँटेना नंतर.

काका आता नाहीत. त्यांच्या मुलानं मोठे सेट एका लायसन असलेल्या हॅमला दिले, नियमानं तसंच द्यावे लागतात, भंगारवाल्याला नाही. व्हॉल्व्हची चासी तेवढी न चालणारी म्हणून कपाटावर आहे.

अण्णांच्या पत्र्याच्या पेटीत ती चिठ्ठी अजून आहे. वहीचा फाडलेला कागद, निळी शाई, कोपऱ्यात वेळ लिहिलेली आणि 'दोनदा विचारून घेतले' अशी नोंद. मजकूर एवढाच : 'दादा, वहिनी, तिन्ही मुले सुखरूप. आई गेली. अंत्यविधी झाला. घाई करू नका, रस्ता खराब.' अण्णांनी घाई केली. तिसऱ्या दिवशी ते उमरग्याकडून चालत आले.